तिसरा साक्षीदार

पत्र आलं, पण ते सृष्टी कल्याण तोरडमल हिच्या नावानं आलं. आणि पुणतांब्याच्या धनवट्यांच्या घरात त्या नावाची बाई चार वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

सोमवारची सकाळ होती. राधाकृष्ण धनवटे बागेच्या कडेला बसून पेरू क्रेटात लावत होता. पेरूला कागद गुंडाळावा की नुसता पाला घालावा यावर त्याची आणि मुलाची, आदिनाथची, रोजच्यासारखी जुंपली होती, तेवढ्यात सून घरातून जवळजवळ पळतच आली. हातात मोबाईल, डोळे भरलेले.

"मामा, पत्र आलं." सासऱ्याला रेश्मा मामा म्हणे.

"आलं ना? मंग रडती कशाला?"

"नाव जुळत नाही."

राधाकृष्णानं हातातला पेरू खाली ठेवला. हे पत्र म्हणजे काय चीज आहे, हे दोन महिन्यांपासून घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. रेश्माला कॅनडातल्या एका कॉलेजात अन्नप्रक्रियेच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. पण नुसत्या प्रवेशावर आता भागत नव्हतं. त्या देशानं बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आकडाच बांधून टाकला होता आणि प्रत्येक प्रांताला ठरावीक जागा वाटून दिल्या होत्या. 'ही मुलगी आमच्या वाट्यातली' असं त्या प्रांताच्या सरकारनं लिहून दिलं, तरच व्हिसाचा अर्ज आत घेत. नाहीतर न बघताच परत. त्याला अटेस्टेशन लेटर म्हणत. राधाकृष्णाला ते पाटाच्या पाण्यावरून चटकन उमगलं होतं. "म्हंजी सात नंबरचा फॉर्म," तो म्हणाला होता. "वावर तुमचं, पीक तुमचं, पन मंजुरी न्हाई तर चारीला हात लावायचा न्हाई."

मंजुरी आली होती. पण रेश्माची पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. कॉलेजचा अर्ज भरताना पदवीवरचं नाव टाकलं गेलं, पासपोर्ट मागाहून जोडला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. पत्रात सृष्टी तोरडमल, पासपोर्टात रेश्मा धनवटे. बघणाऱ्या साहेबाला त्या दोन बाया.

आदिनाथनं नगरच्या एजंटला, करणला, फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, घाबरू नका," करण म्हणाला. "पत्र खरं आहे. कॉलेज ते पासपोर्टातल्या नावावर दुरुस्त करून आणतंय. फक्त दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा सरकारी कागद मागतायत. विवाह नोंदणीचा दाखला चालेल. पण शुक्रवारच्या आत. पुढं त्यांना नाताळची सुट्टी आणि यंदाच्या जागाही संपत आल्यात. ही जागा दुसऱ्याला गेली, तर मग माझ्या हातात काही नाही."

आदिनाथनं बायकोकडं पाहिलं. लग्नाची नोंद त्यांनी कधी केलीच नव्हती. आधारवरचं नाव सरपंचाच्या दाखल्यावर बदललं, आधारवरून पासपोर्ट निघाला, त्यामुळं कधी अडलंच नाही.

तो तसाच ग्रामपंचायतीत जाऊन आला. ग्रामसेवकाकडं आणखी दोन गावं होती. पुणतांब्यात तो बुधवारीच बसणार होता. लग्नपत्रिका, फोटो, लग्न लावणारे गुरव-भटजी जे कुणी असतील ते, आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणा म्हणाला. दोन मुलाकडचे, एक मुलीकडचा. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, म्हणजे माहेरचं नाव त्यावरून घेता येईल.

जेवायला बसल्यावर विषय निघालाच.

"सोपं हाय," आदिनाथ म्हणाला. "हिच्या गावचा एक जण साखर कारखान्यात आहे. लग्नाच्या फोटोत दिसतोय. त्याला गाडीवर घालून आणतो, सही घेतो, झालं. आणि दाखल्याची दुसरी प्रत शाळेतनं काढू."

"नाही," रेश्मा म्हणाली. ती भाकरी वाढत होती, ती तशीच उभी राहिली. "माझ्याकडून सही करायची तर अण्णा करतील. नाहीतर मला ते पत्र नको."

आदिनाथ चमकला. अण्णा म्हणजे तिचे वडील, कर्जतचे कल्याण गुरुजी. "अगं, दोन वर्षं जीव काढलास ह्याच्यासाठी!"

"म्हणूनच म्हणते."

"येडी का काय तू? चार वर्षांत ते ह्या शिवारात फिरकले न्हाईत, आता दोन दिवसांत यायचे व्हय?"

"तिला बोलू नको," राहीबाई मुलाला म्हणाली. सुनेच्या शिक्षणापायी भावकीत सगळ्यांशी भांडून झालेली सासू होती ती. "बरूबर बोलतीय ती."

कोपऱ्यात बसलेल्या गोजरबाईनं ताट सरकवलं. राधाकृष्णाची ही थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, आणि नवरा गेल्यावर ती माहेरी येऊन राहिली, त्यालाही आता तीस वर्षं झाली. सगळे तिला अक्का म्हणत. "गुरुजींनी एवढं काय धरून ठिवलंय मला तर उमजत न्हाई," ती म्हणाली. "नाव तर सगळ्यांचंच बदलत्यात. त्याच्यापायी मानूस पोरीच्या घरचं पानी सोडतो का?"

राधाकृष्णानं ताटातून मान वर केली नाही. गुरुजी का रागावले हे त्या घरात त्या एकट्याला पुरतं ठाऊक होतं.

सुपारी फुटली त्या दिवशी कर्जतला कल्याण गुरुजींनी मानपानाची एक गोष्ट काढली नव्हती. राधाकृष्णाला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले होते, "मुलीचं नाव बदलू नका." आणि राधाकृष्णानं त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. पुढं मांडवात, तांदळाचं ताट पुढं आल्यावर अक्कानं आदिनाथला सांगितलं, 'रेश्मा' लिही. त्यानं अंगठीनं लिहिलं. गुरुजींनी व्याह्याकडं पाहिलं. व्याही फेट्याचा शेमला नीट करत राहिला. गुरुजी न जेवता गेले. पोरीची आई आधीच वारलेली. तेव्हापासून रेश्मा एकटीच कर्जतला जाऊन भेटून येई. सगळ्यांना वाटे, अक्काच्या हट्टापुढं कुणाचं चाललं नाही. पण खरं असं होतं, की त्या शब्दाबद्दल राधाकृष्णानं अक्काला कधी सांगितलंच नव्हतं.

"उद्या मी जातो कर्जतला," तो म्हणाला.

"मी गाडी काढतो, दादा," आदिनाथ बापाला म्हणाला.

"तू नगं. माझं मला जाऊंदे."

मंगळवारी उजाडता तो एसटीत बसला. नगरला गाडी बदलली. कर्जतला उतरेपर्यंत बारा वाजले. वाटभर त्यानं दहा तऱ्हेनं बोलणं जुळवलं होतं, पण गुरुजी दारातच समोर आले आणि त्याला त्यातलं एक वाक्य आठवेना.

"या," गुरुजी म्हणाले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समोर बसले. निवृत्तीनंतरही इस्त्रीचा सदरा. "सृष्टी बरी आहे?"

"बरी हाय." राधाकृष्णानं पत्राचं सगळं सांगितलं. शुक्रवारची मुदत सांगितली. मग म्हणाला, "सहीसाठी आलो न्हाई असं म्हनलो तर खोटं हुईल, गुरुजी. सहीसाठीच आलो. पन माफी मागायची ऱ्हायलीय तीबी मागतो. मी शबुद दिला आन् मोडला."

गुरुजींनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"त्या कागदावर रकाना असेल," ते म्हणाले. "विवाहानंतरचं नाव. त्यात तुम्ही रेश्मा लिहिणार. आणि खाली मी सही करायची. म्हणजे तुम्ही शब्द मोडलात त्याला साक्षीदारही मीच."

"व्हय," राधाकृष्ण म्हणाला.

"ती माझ्याच शाळेत होती. चार वर्षं मी तिची हजेरी घेतली. वर्गात मी तिला मुलगी म्हणून कधी हाक मारली नाही, बाकीच्यांना वाटू नये म्हणून. पण हजेरीत नाव पुकारायचो आणि ती 'हजर' म्हणायची. दिवसातनं तेवढंच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या अक्कांनी एवढंही ऐकलं नाही ना? एका बापानं एक गोष्ट मागितली, तरी त्यांनी हट्ट सोडला नाही."

इथं राधाकृष्णानं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यानं, पण अक्काचं नाव पुढं आल्यावर त्याला आयता आडोसा मिळाला आणि तो गप्प राहिला.

"सृष्टीला काय वाटतं?" गुरुजींनी विचारलं.

"कशाचं?"

"या नावाचं. तुम्ही विचारलंत कधी?"

"न्हाई."

"चार वर्षांत?"

"न्हाई इचारलं, गुरुजी."

"मग जा. आधी तिला विचारा आणि मला फोन करा. माझी सही हवी की नको ते त्यानंतर बघू."

परतीच्या गाडीत राधाकृष्णाला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. दिवेलागणीला तो घरी पोचला, पाय धुतले आणि चहा ठेवायला निघालेल्या सुनेला थांबवून पायरीवर बसवलं.

"पोरी, एक इचारतो. खरं सांग. तुला तुझं पयलं नाव परत पाह्यजे का? पासपोर्टच बदलू, पायजे तर. हे वरीस गेलं तर गेलं."

रेश्मा त्याच्याकडं बघत राहिली. या घरात असं कुणी विचारेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"पत्र उघडलं ना मामा, तेव्हा आधी बरंच वाटलं. कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं. मग लक्षात आलं की घोटाळा झालाय." ती थोडं हसली. "पण खरं सांगू? आता हाक मारली की मी दोन्ही नावांना वळते. मला नाव परत नको."

"मंग सहीसाठी आण्णाच पाह्यजेत असं का धरून बसलीस?"

"कारण ते ह्या घरात यायला पाहिजेत. मी दोन वर्षं तिकडं जाणार. अण्णा एकटे आहेत. उद्या त्यांना ताप आला, पडले-झडले, तर कर्जतला कोण जाईल? तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसाल, तर मी इथून पाय कसा काढू? व्हिसा मिळाला तरी मला जाता येणार नाही, मामा."

आत चुलीपाशी राहीबाईनं पदर डोळ्याला लावला, ते दोघांनाही दिसलं नाही, पण तिनं फुंकणी आपटली तेवढी ऐकू आली. "आता फोन लावा की!" ती आतून ओरडली. "का मुहूर्त बघताय?"

राधाकृष्णानं फोन लावला आणि सुनेनं सांगितलं ते, एक शब्द इकडचा तिकडं न करता, गुरुजींना सांगितलं. ग्रामसेवक किती वाजता बसतो आणि कागद कोणते लागतात, एवढंच गुरुजींनी विचारलं.

"पहिल्या गाडीनं येतो."

बुधवारी साडेअकराला ग्रामपंचायतीत सगळे जमले. लग्न लावलेले म्हातारे भटजी सायकलवरून आले, सही करून दुसऱ्या गावच्या सत्यनारायणाला निघूनही गेले. आदिनाथ सगळ्यांना चहा सांगून आला. गुरुजी आले ते थेट स्टँडवरून; खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावरचं अक्षर त्यांचंच होतं. रेश्मा त्यांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

पहिला साक्षीदार राधाकृष्ण. दुसरी राहीबाई असं ठरलं होतं. पण ग्रामसेवक नाव लिहिणार तोच दारातून काठीचा आवाज आला आणि गोजरबाई आत आली.

"राही न्हाई, मी. नाव मी बदललं. मंग साक्षबी मीच देनार."

गुरुजी खुर्चीत ताठ झाले. त्यांनी नमस्कार केला, पण बोलले ते तुटकच. "अक्का, तुमच्या वयाचा मान ठेवून एक विचारतो. मी एवढी एकच गोष्ट मागितली होती. ठाऊक असून तुम्ही असं का केलंत?"

"काय ठाऊक असून?" गोजरबाई म्हणाली.

"नाव न बदलण्याचा शब्द दिला होता ते."

"कुनी दिला? कुनाला?" ती गुरुजींकडं बघे, भावाकडं बघे. ग्रामसेवकाचं पेन थांबलं.

राधाकृष्णासमोर कागद होता, त्यावर दोनच सह्या व्हायच्या होत्या, आणि आता बोललं तर गुरुजी उठून चालते होतील अशी पुरी भीती होती. पण काल पायरीवर बसलेली पोर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"तिला म्हाईतच न्हवतं, गुरुजी," तो म्हणाला. "मी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर लगनाच्या आधी घरात भांडान झालं असतं, म्हनून भ्यालो. मांडवात सांगीन म्हनलं, तितंबी भ्यालो. काल तुमच्या दारात तुमी अक्काला बोल लावला, तवाबी गप बसलो. तिचा ह्यात काय गुन्हा न्हाई. गुन्हा माझा हाय."

आदिनाथ बापाकडं असा बघत होता की जणू हा माणूस त्यानं आज पहिल्यांदा पाहिला.

"राधा," गोजरबाई म्हणाली, "चार वर्सं तू मला त्या मान्साच्या शिव्या खाऊ दिल्यास व्हय रं?"

"व्हय, अक्का."

तिनं काठी जमिनीवर आपटली, पण मग ती वळली गुरुजींकडं. "आयका. मला ठाऊक असतं तरी मी नाव बदललंच असतं, आता म्हातारपनी खोटं कशाला बोलू? माझं माह्येरचं नाव दगडाबाई. माझ्या आदीची दोन लेकरं गेली, म्हनून आईनं ठिवलं. गावातली पोरं मला खडे मारून इचारायची, लागलं का गं दगडे? लगनात गोजर झाले आन् मला वाटलं, सुटले. नाव बदललं की बाईचं बरं हुतं, असंच मी धरून चालले. तुमच्या पोरीचं नाव आदीच चांगलं हुतं, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा राधाकृष्णाला वाटलं, झालं, आता हे रडणार आणि उठून जाणार. पण गुरुजी हसत होते. आधी आवाज दाबून, मग चष्मा काढून, डोळे पुसत.

"चार वर्षं," ते म्हणाले, "चार वर्षं मी ह्या बाईंवर राग धरून बसलो!"

"आन् मी तुमच्यावर!" गोजरबाई म्हणाली, आणि तीही हसली, मग रेश्मा हसली, आणि कुणाला काय झालं ते न कळता ग्रामसेवकही हसला.

"तुमच्यावर मात्र माझा राग आहे, धनवटे," गुरुजी राधाकृष्णाला म्हणाले. "तो लगेच जाणार नाही."

"असूंदे," राधाकृष्ण म्हणाला. "पन राग काढायला तरी येत जावा."

ग्रामसेवकानं रकाना वाचला. "विवाहानंतरचं नाव?"

"रेश्मा आदिनाथ धनवटे," गुरुजींनी सांगितलं. "आणि वरच्या ओळीत विवाहापूर्वीचं नाव पूर्ण लिहा. सृष्टी. काना-मात्रा बघून."

गोजरबाईनं शाईत अंगठा बुडवला. गुरुजींनी पेन मागून घेतलं आणि फळ्यावर लिहावी तशी ठळक सही केली. एक वाजता दाखला हातात आला. आदिनाथनं तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर त्याचा फोटो काढून पाठवला. करणनं तो नीट दिसत नाही म्हणून परत मागितला, मग झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून धाडला. गुरुजी घरी जेवले. राहीबाईनं हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या होत्या. गुरुजींनी तीनदा घेतल्या, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

गुरुवार गेला. शुक्रवारही तसाच गेला. रेश्मा मोबाईल पदराखाली घेऊन फिरत होती. राधाकृष्णानं बागेत तीन वेळा एकाच झाडाचे पेरू तपासले. सुट्टी लागली असेल, असं आदिनाथ एकदा बोलून गेला आणि आईकडून बोलणं खाऊन बसला.

शनिवारी सकाळी साडेसातला, तिकडं अजून शुक्रवारची रात्र असताना, पत्र आलं. वरती प्रांताच्या सरकारचं चिन्ह, खाली कॉलेजचं नाव, आणि मधे पासपोर्टात होतं तसं अक्षरन् अक्षर: रेश्मा आदिनाथ धनवटे. रेश्मानं ते वाचलं, आदिनाथनं वाचलं, मग पासपोर्ट शेजारी ठेवून दोघांनी बोटानं एकेक अक्षर जुळवलं. दुपारपर्यंत करणनं व्हिसाचा अर्ज भरला, पत्र जोडलं आणि पोच आल्याचा निरोप दिला. "आता वाट बघायची, काका. सहा-आठ आठवडे धरा. पण आता कागदात खोट नाही. निवांत झोपा."

राधाकृष्णाच्या छातीवरून कुणीतरी पोतं उतरवलं असं त्याला झालं. पत्राचं होतंच, पण पत्राहून जड असं काहीतरी बुधवारीच उतरलं होतं, आणि ते त्याला आत्ता कळत होतं. तो बागेत गेला, विहिरीवरच्या मोटारीच्या कट्ट्यावर बसला आणि त्यानं गुरुजींना फोन लावला.

राहीबाई त्याला जेवायला बोलवायला आली तेव्हा तो अजून बोलतच होता. ती बांधावर थांबली. अर्धा तास झाला तरी फोन संपेना. शेवटी त्यानं "बरं बरं, येतो मी संक्रांतीच्या आदी" असं म्हणून मोबाईल खिशात टाकला.

"एवढा वेळ काय बोलत हुते?" तिनं विचारलं. "पोरीचं काय म्हनले?"

"पोरीचं दोन मिनटात झालं."

"मंग?"

"काय न्हाई," राधाकृष्ण उठत म्हणाला. "त्यांच्याकडं ज्वारी निसवलीय, कणसं भरत आलीत. पाखरं लई पडत्यात म्हनत हुते."